आयरेसिंग रिव्ह्यू: सगळ्यांना सेम गाडी दिली तर जिंकणार कोण?

एफवन, म्हणजे फॉर्म्युला वन कार रेसिंग, बघणारे चार जण एकत्र आले की हा वाद होतोच. एफवन ड्रायव्हर व्हर्स्टॅपन हातामुळे जिंकतो का गाडीमुळे, आणि उद्या सगळ्यांना एकसारखी गाडी दिली तर पहिला कोण येईल. ज्याला हा प्रश्न मनापासून पडतो त्याने एकदा तरी आयरेसिंगचं सबस्क्रिप्शन घ्यावं असं मला वाटतं, कारण तिथे हा प्रयोग दिवसभर चालूच असतो आणि त्यात आपण स्वतः पण असतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आयरेसिंग हे पीसीवरचं ऑनलाइन रेसिंग सिम्युलेटर आहे, २००८ पासून चालू. डेव्ह केमर आणि जॉन हेन्री या दोघांनी सुरू केलं, हा हेन्री म्हणजे लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या मालकांपैकीच. ट्रॅक लेसरने स्कॅन करून बनवलेत त्यामुळे रस्त्यातला छोटा उंचवटा पण स्टिअरिंगमध्ये जाणवतो. स्टिअरिंग व्हील आणि पेडल पाहिजेतच, कीबोर्डवर खेळायचा विचार सोडून द्या.

माझ्या दृष्टीने यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे फिक्स्ड सेटअपच्या रेस. सिरीजच्या नावापुढे फिक्स्ड लिहिलेलं असतं, म्हणजे गाडी तीच, स्प्रिंग तेच, टायर प्रेशर तेच, हा सेटअप कोणाला बदलता येत नाही. नवीन माणसाला सुरुवातीला माझदा एमएक्स-५ मिळते, मागच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी, पॉवर कमी, पण वळणात मधेच अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागचा भाग फिरलाच समजा. आता बघा, वीसेक जण, सगळ्यांकडे हीच गाडी, अमेरिकेतल्या लाइम रॉकसारखा छोटा ट्रॅक, लॅप जेमतेम मिनिटाचा, आणि तरीही पहिल्या आणि शेवटच्या माणसात दोन-तीन सेकंदांचा फरक पडतो, प्रत्येक लॅपला! रेस संपेपर्यंत पुढचे लोक दिसेनासे होतात.

हा फरक येतो कुठून हे बघायचं असेल तर गॅरेज ६१ नावाची वेगळी सेवा आहे, तिथे आपला लॅप आणि फास्ट माणसाचा लॅप एकावर एक ठेवून बघता येतो. मला वाटायचं फास्ट लोक उशिरा ब्रेक मारत असणार, धाडस जास्त असणार. पण ग्राफ बघितले तर ब्रेक मारायची जागा बऱ्याचदा जवळपास तीच असते, खरा फरक ब्रेक सोडण्यात असतो. ते लोक ब्रेक हळूहळू सोडत सोडत वळणात शिरतात, ज्याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात, त्यामुळे वजन पुढच्या चाकांवर राहतं, गाडी लवकर वळते आणि गॅस लवकर देता येतो. लाइम रॉकला शेवटचं डाउनहिल वळण आहे, तिथून बाहेर पडताना जो थोडासा जास्त स्पीड मिळतो तो पूर्ण मेन स्ट्रेटभर, म्हणजे पुढच्या लांब सरळ रस्त्यावर, आपल्याबरोबर राहतो. एफवन टीव्हीवर बघून हे कधीच कळलं नसतं, खरंच सांगतो.

दुसरी गोष्ट गर्दीत चालवण्याची. इथे आयरेटिंग आणि सेफ्टी रेटिंग असे दोन वेगळे आकडे असतात. आयरेटिंग तुम्ही कितवे येता त्यावर, सेफ्टी रेटिंग तुम्ही किती धडकता, किती वेळा ट्रॅकबाहेर जाता त्यावर. रेसला जास्त लोक आले की आयरेटिंगप्रमाणे स्प्लिट, म्हणजे वेगवेगळे गट, पडतात त्यामुळे आपल्याच लेव्हलच्या लोकांशी गाठ पडते. सेफ्टी रेटिंग वाढल्याशिवाय रुकीमधून डी, मग सी, बी, ए अशी लायसन्स वर जात नाहीत. हे मला फार आवडलं कारण नुसता एक लॅप फास्ट मारणारा आणि रेस जिंकणारा ही दोन वेगळी माणसं असतात हे इथे लगेच उघडं पडतं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण खऱ्या ड्रायव्हरांवर पण हा प्रयोग झालाय. १२ मे १९८४ ला नवीन न्युर्बुर्गरिंग ट्रॅकच्या उद्घाटनाला मर्सिडीजने सगळ्यांना सेम १९०ई २.३-१६ गाड्या दिल्या, रस्त्यावरची सेडान. लाउडा, प्रॉस्ट, केके रोझबर्ग, जुने चॅम्पियन पण होते. जिंकला कोण, तर टोलमन टीममध्ये पहिलंच वर्ष असलेला आयर्टन सेन्ना, आणि लाउडा दुसरा. लोकांनी त्या दिवशी त्याच्याकडे नीट बघितलं असणार, पुढच्याच महिन्यात मोनॅकोच्या भर पावसातल्या एफवन रेसमध्ये तो मागून येऊन दुसरा आला.

पण याच्या उलट उदाहरण मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. रेस ऑफ चॅम्पियन्स ही स्पर्धा १९८८ पासून आहे, एफवन, रॅली, टूरिंग कार सगळीकडचे ड्रायव्हर सेम गाड्यांमध्ये समोरासमोर. एफवनच्या मायकल शूमाकर आणि सेबास्टियन व्हेटेलने देशांची स्पर्धा जर्मनीसाठी २००७ ते २०१२ सलग सहा वेळा जिंकली. पण वैयक्तिक स्पर्धा शूमाकरला कधीच जिंकता आली नाही, २००७ आणि २००९ दोन्ही फायनलला त्याला मॅटियास एकस्ट्रॉमने हरवलं, जो एफवनमध्ये कधी रेस करायला उतरलाच नाही! आणि २०२२ ला स्वीडनमध्ये बर्फावर स्पर्धा झाली तेव्हा फायनलला व्हेटेलसमोर रॅलीचा सेबास्टियन लोब होता, जिंकला लोब. म्हणजे गाडी सेम असली तरी ती कुठल्या रस्त्यावर पळणार त्यावर उत्तर बदलतं.

माझं म्हणणं इथेच आहे. सेम गाडी म्हणजे सगळ्यांना सारखीच सोयीची गाडी असं होत नाही. २०२४ ला एफवनच्या रेड बुल टीममध्ये व्हर्स्टॅपनचे ४३७ पॉइंट आणि सर्जिओ पेरेझचे १५२, गाडी कागदावर एकच. पेरेझ काही नवखा नव्हता, पण व्हर्स्टॅपनला पुढचा भाग एकदम तीक्ष्ण, म्हणजे लगेच वळणारा, लागतो, मागचा हलला तरी चालतो, आणि अशा गाडीवर बाकीच्यांचा विश्वासच बसत नाही. आयरेसिंगवर माझदामधून एखाद्या फॉर्म्युला गाडीत गेलात की हे स्वतःच्या हातांना कळतं, कालपर्यंत जे पोडियमवर होते ते एकदम मागे दिसायला लागतात आणि जे शांतपणे शिकतात ते पुढे येतात.

मग माझं उत्तर काय? डांबरी ट्रॅक, पूर्ण सीझन आणि एफवनसारखी गाडी असेल तर व्हर्स्टॅपन, आणि त्याचं एक कारण आयरेसिंगच आहे. हा माणूस सुट्टीच्या वेळेत पण टीम रेडलाइन या सिम रेसिंग टीमकडून सिमवर (सिम्युलेटरवर) असतो, मे २०२४ ला इमोलाच्या एफवन रेसच्या वीकेंडला सिमवरच्या न्युर्बुर्गरिंग २४ तासांच्या रेसमध्ये पण चालवलं, ती टीमने जिंकली आणि इमोला त्याने जिंकलं. एका क्वालिफाइंग लॅपपुरतं विचाराल तर मी एफवनचाच शार्ल लेक्लेर म्हणेन. पण दर रेसला गाडीच बदलायची ठरली, आज ही उद्या ती, तर माझं मत फर्नांडो अलोन्सोला. एफवनशिवाय ले मान्सची २४ तासांची रेस दोनदा जिंकला, डेटोना २४ तास जिंकली, आणि २०१७ ला पहिल्यांदाच अमेरिकेतल्या इंडी ५०० रेसला जाऊन २७ लॅप लीड केले, इंजिन गेलं नसतं तर काय झालं असतं कोण जाणे. असा माणूस सेम गाड्यांच्या खेळात फार धोकादायक.

सिमवर फास्ट म्हणजे खऱ्यात फास्ट का, हा प्रश्न पण येतो. विल्यम बायरन आयरेसिंगवर शिकून मग खऱ्या गाडीत बसला, आणि २०२४ व २०२५ ची डेटोना ५०० ही अमेरिकेतली नॅस्कार रेस सलग जिंकला. २०२० ला लॉकडाउनमध्ये एफवनवाल्यांनी दुसऱ्या गेमवर सेम परफॉर्मन्सच्या गाड्यांनी व्हर्च्युअल रेस घेतल्या तेव्हा जॉर्ज रसेलने शेवटच्या चार सलग जिंकल्या, तेव्हा तो खऱ्या एफवनमध्ये विल्यम्समध्ये सगळ्यात मागे होता. आता मर्सिडीजमध्ये तो काय करतो ते आपण बघतोच. आपल्याकडचं सांगायचं तर मुंबईच्या जेहान दारुवालाने २०२० ला बहरीनमधल्या साखीरला एफटू (एफवनच्या खालची पायरी) रेस जिंकली, आणि एफटूमध्ये सगळ्यांची चॅसी (गाडीचा सांगाडा) आणि इंजिन सेमच असतात. तिथे जिंकायला पैशापेक्षा हात लागतो म्हणून तो विजय मला फार मोठा वाटतो, आपल्याकडे त्याचं हवं तेवढं कौतुक झालं नाही.

आता खर्चाचं, कारण हा महाग प्रकार आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. सबस्क्रिप्शन महिन्याला साधारण १३ डॉलर, वर्षाचं घेतलं तर ११० च्या आसपास. त्यात थोड्याच गाड्या आणि ट्रॅक येतात, बाकी प्रत्येक गाडी सुमारे १२ डॉलर, ट्रॅक १२ ते १५. सगळं घ्यायला गेलात तर व्हील-पेडलच्या किमतीएवढा खर्च सहज होईल. त्यात इंटरनेट स्थिर पाहिजे, वायफायपेक्षा केबल लावा, नाहीतर तुमची गाडी बाकीच्यांना उड्या मारताना दिसते आणि शेजारच्याची रेस विनाकारण जाते.

म्हणून नवीन असाल तर पहिले दोन-तीन महिने एक रुपयाचं पण एक्स्ट्रा कंटेंट घेऊ नका, फ्री माझदा आणि फ्री ट्रॅकवरच राहा, लायसन्स डी करा. नवीन मेंबरला बऱ्याचदा सूट असते आणि नोव्हेंबरमध्ये ब्लॅक फ्रायडेला पण असते, वर्षाचं तेव्हाच घ्या.