ड्युअर घ्यावा की सिलिंडरची रांगच बरी?

छोट्या ब्रुअरीत कार्बन डायऑक्साइडचं बिल डोळ्यांवर यायला लागलं की हा प्रश्न हमखास निघतो. ड्युअरमध्ये, म्हणजे थंड द्रव कार्बन डायऑक्साइड साठवणाऱ्या इन्सुलेटेड टाकीत, किलोचा भाव कमी पडतो, सिलिंडर बदलण्याची दगदग वाचते, कागदावर तोच जिंकतो. तरीही माझं झुकतं माप सिलिंडरला आहे. ते का, हे कळायला आधी गॅस जातो कुठे ते पाहावं लागेल.

१,००० लिटरची एक बॅच धरा. २० अंशांना फर्मेंटेशन, म्हणजे यीस्टचं साखर आंबवणं, आटोपलं की बिअरमध्ये लिटरला साधारण १.७ ग्रॅम गॅस आपोआप मुरलेला असतो. आपल्याला हवे २.५ व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या अडीचपट गॅस), म्हणजे लिटरला जवळपास ५ ग्रॅम. वरून घालायचा गॅस झाला सव्वातीन-साडेतीन किलो. आता बाकीचं बघा. रिकामा ब्राइट टँक, म्हणजे तयार बिअर ठेवायची टाकी, वाहत्या गॅसने पर्ज करून, म्हणजे आतली हवा हाकलून, ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणायचा, तर गॅस हवेत मिसळत जातो असं धरून टाकीच्या सुमारे ५.३ पट गॅस लागतो, म्हणजे पावणेदहा किलो. फर्मेंटरमधून, म्हणजे आंबवण्याच्या टाकीतून, बिअर १ बार दाबाने ढकलली की रिकाम्या फर्मेंटरमध्ये ३.७ किलो अडकतो आणि धुवायला टाकी उघडली की हवेत जातो. ब्राइटमधून केग (बिअरची पिंपं) भरताना पुन्हा तेवढाच. वर २० केगचं पर्ज आहेच. एवढ्या गॅसपैकी बिअरच्या पोटात जातो तो सगळ्यात कमी.

आणि हे सगळं विकत घेत असताना १२ प्लेटोचा (वजनाने १२ टक्के एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे मुख्यतः साखर असलेला) वर्ट, म्हणजे न आंबलेला माल्टचा काढा, नेहमीसारखा आंबून उतरला, तर त्याच बॅचमधून ३५ ते ४० किलो गॅस ब्लो-ऑफच्या, म्हणजे फर्मेंटरमधला गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीच्या, बादलीत बुडबुडत निघून गेलेला असतो. त्यामुळे ड्युअर-सिलिंडरच्या आधी स्पंडिंगचा, म्हणजे फर्मेंटेशनचाच गॅस बिअरमध्ये कोंडण्याचा, विचार करावा असं मला वाटतं. शेवटच्या ग्रॅव्हिटीला, म्हणजे आंबणं थांबतं त्या घनतेला, १ ते १.५ प्लेटो बाकी असताना टाकी बंद करायची आणि स्पंडिंग व्हॉल्व्ह हव्या त्या दाबाला लावायचा. एक ग्रॅम एक्स्ट्रॅक्टमागे साधारण ०.४६ ग्रॅम गॅस मिळतो, तेव्हा एवढी शिल्लक पुरते. थोडं लवकर बंद केलं तर जास्तीचा गॅस व्हॉल्व्ह सोडून देतो. उशीर झाला तर मात्र कमतरता स्टोननेच (गॅसचे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र तुकड्याने) भरावी लागते.

इथे टाकीचा रेटिंग दाब आडवा येतो. २० अंशांना २.५ व्हॉल्यूम धरायला २ बारच्या आसपास दाब लागतो, आणि पुष्कळ छोटे फर्मेंटर १ बारचेच असतात. तेवढ्या दाबाला २० अंशांवरची एल (कोमट तापमानाला आंबणारी बिअर) १.७ व्हॉल्यूमवर थांबते, १२ अंशांवरची लागर (थंडीत आंबणारी) २.२ पर्यंत जाते. उरलेलं थंड केल्यावर स्टोनने घाला, पण टाकीच्या मर्यादेशी खेळू नका. स्पंडिंग व्हॉल्व्ह फेसाने किंवा हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या) चोथ्याने तुंबतो, म्हणून टाकीवर वेगळा रिलीफ व्हॉल्व्ह हवाच. लागर फार लवकर कोंडली तर गंधकाचा वास आतच राहतो. ड्राय हॉप, म्हणजे फर्मेंटरमध्ये हॉप्स टाकणं, टाकी बंद करण्याआधी उरकावं, नंतर झाकण उघडलं तर कारंजं.

याहून मोठी बचत पर्जमध्ये आहे. फर्मेंटेशन जोरात आलं, पहिल्या दिवसाची हवा निघून गेली, की ब्लो-ऑफची नळी फेस अडवणाऱ्या भांड्यातून रिकाम्या ब्राइट टँकच्या तळाशी जोडायची आणि टँकच्या माथ्यावरून बाहेर सोडायची. अख्ख्या फर्मेंटेशनमध्ये टाकीच्या सुमारे वीसपट गॅस तयार होतो, म्हणजे पावणेदहा किलोचं काम फुकटात. बिअर हलवताना पंप लावा आणि ब्राइटच्या माथ्यावरून फर्मेंटरच्या माथ्यावर गॅसची परतीची नळी टाका. मग ढकलायला नवा गॅस लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ड्युअरमधलं द्रव उणे २० अंशांच्या आसपास आणि साधारण २० बारला असतं. इन्सुलेशन कितीही चांगलं असलं तरी उष्णता आत झिरपते, दाब चढतो आणि २४ बारच्या आसपास रिलीफ व्हॉल्व्ह सुटतो. रोज भरपूर गॅस ओढला जात असेल तर हे कधी जाणवतही नाही. दोन-तीन दिवस काम नसलं की फुसफुस सुरू होते, आणि माझ्या लेखी निकाल इथेच लागतो. ही गळती दिवसावर चालते, वापरावर नाही. स्पंडिंग आणि परतीच्या नळीने वापर निम्मा केला, तरी ड्युअर तेवढाच गॅस सोडत राहतो आणि बिलातला त्याचा वाटा जवळपास दुप्पट होतो. तुम्ही काटकसर करा, तो नुसता बसून उधळतो. विक्रेता किलोचा भाव सांगतो तो भरलेल्या किलोचा. बंद खोलीत ड्युअर असेल तर सोमवारी सकाळी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडसाठी ५,००० पीपीएमला (०.५ टक्के) लावलेला अलार्म वाजत असतो, म्हणून रिलीफची नळी बाहेर काढावीच लागते.

यावर थोडा उपाय आहे. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी प्रेशर बिल्डिंगचा, म्हणजे द्रवाची वाफ करून दाब वाढवणाऱ्या सर्किटचा, व्हॉल्व्ह बंद करायचा आणि दाब जरा उतरवून ठेवायचा, म्हणजे रिलीफ सुटायला वेळ मिळतो. पण दाब ५.२ बार ॲब्सोल्यूटच्या खाली गेला तर आतल्या द्रवाचा ड्राय आइस होतो आणि ड्युअर काही काळ निकामी.

सिलिंडर काही निर्दोष नाहीत. पहिली अडचण गोठण्याची. द्रवाची वाफ होताना सिलिंडर स्वतः थंड पडतो, रेग्युलेटरवर बर्फ जमतो आणि ऐन पर्जच्या वेळी प्रवाह मंदावतो. त्यासाठी चार सिलिंडर एकत्र जोडणारं मॅनिफोल्ड घेऊन दोन-दोनच्या जोड्या कराव्यात. एका वेळी जोडीतून गॅस ओढला की प्रत्येकावरचा भार निम्मा होतो. दुसरी अडचण दाबाच्या काट्याची, म्हणजे गेजची. २० अंशांना आत द्रव आहे तोवर गेज ५७ बारलाच उभं राहतं. ते खऱ्या अर्थाने खाली यायला लागतं तेव्हा द्रव संपलेलं असतं, पण ४० लिटरच्या सिलिंडरमध्ये अजून ७ ते ८ किलो वायू शिल्लक असतो. गेज हललं की सिलिंडर बदलणारे भरलेल्या ३० किलोपैकी पाव हिस्सा परत पाठवतात. पुन्हा, ओढीने सिलिंडर गार पडला तरी गेज उतरतं, आणि ३१ अंशांवर द्रव उरतच नाही, त्यामुळे उन्हाळ्यात गेज काहीच सांगत नाही. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा, त्यावर कोरलेलं रिकामं वजन वजा करा आणि जवळपास संपेपर्यंत वापरा. प्रत्येक बदलीला नवं वॉशर टाका. संध्याकाळी सगळे नळ आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनचा दाब लिहून ठेवा. सकाळी उतरलेला दिसला तर साबणाचं पाणी घेऊन क्लॅम्पपासून सुरुवात करा.

नायट्रोजनचा जनरेटर हा तिसरा रस्ता. पर्ज आणि ढकलण्यासाठी तो ठीक आहे, पण ब्राइटच्या माथ्यावर दिवसेंदिवस नायट्रोजन ठेवला तर बिअर वरच्या थरापासून हळूहळू सपाट होते. तो हवेत सहज मिसळतो, तळाशी थर धरून बसत नाही, त्यामुळे पर्जला जास्त लागतो. कार्बन डायऑक्साइड छातीत घुसमट करून सावध करतो, नायट्रोजन तसं करत नाही, म्हणून खोलीत ऑक्सिजनचा सेन्सर वेगळा लावावा लागतो.

आठवड्यातले सहा दिवस कॅनिंगची लाइन चालणार असेल, तर ड्युअरला माझी हरकत नाही. नसेल, तर आधी महिनाभर भाड्याने आणा, शुक्रवारी संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी वजन करा, आणि त्या फरकाला किलोच्या भावाने गुणा.