घंटी चर्चेवर ठेवायची की यादीच्या पानावर?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीवाल्यांसाठी कुणी चर्चेचं अ‍ॅप बांधायला घेतलं, की आधी सगळा जोर माणसं जोडण्यावर असतो. सूचना कुठून बंद करायच्या, हे शेवटी आठवतं. तोवर वैतागलेल्या माणसाने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अख्ख्या अ‍ॅपचंच तोंड बंद केलेलं असतं. अँड्रॉइड १३ पासून सूचना पाठवायला आधी परवानगी मागावी लागते आणि ती दोनदा नाकारली, की अ‍ॅपला पुन्हा विचारताही येत नाही. म्हणून हा निर्णय सुरुवातीलाच घ्या.

पहिला पर्याय स्वस्त आहे. प्रत्येक चर्चेच्या माथ्यावर एक घंटी द्यायची, दाबली की चालू, पुन्हा दाबली की बंद. बांधायला फार वेळ लागत नाही, शिकवावं लागत नाही. करपा रोगाच्या फवारणीवर वाद पेटलाय, फोन सारखा किणकिणतोय, तर माणूस तिथेच असतो आणि तिथेच बंद करतो. अडचण पुढे येते. जूनमध्ये मृगबागेच्या (पावसाच्या तोंडावरच्या केळी लागवडीच्या) रोपांबद्दल विचारलेलं, ऑक्टोबरात कांदेबागेच्या (पावसाळ्यानंतरच्या लागवडीच्या) चर्चेत एक उत्तर टाकलेलं, मध्येच कुणाला ठिबकच्या खतांचं प्रमाण सांगितलेलं. आपण नक्की कशाकशात अडकलोय, हे या पर्यायात कळायला मार्गच नाही. एकेक चर्चा शोधत बसायचं.

दुसरा पर्याय म्हणजे सगळ्या चर्चांची यादी एकाच पानावर. कष्ट जास्त, आणि नुसती यादी टाकली तर उपयोगही नाही. पानावरची एक ओळ अशी दिसली पाहिजे:

«कांदेबाग: पिलं कधी कापायची? या आठवड्यात ४१ निरोप. तुम्ही उत्तर दिलं होतं म्हणून येतात. [बंद करा]»

यातले दोन तुकडे बहुतेक जण गाळतात. एक म्हणजे निरोपांचा आकडा. जीमेलने २०२५ मध्ये सदस्यत्वांचं वेगळं पान दिलं, त्यात सगळ्यात जास्त मेल धाडणारे वर ठेवले. बरोबर केलं. यादी नावाने किंवा तारखेने लावली तर गोंगाट करणारी चर्चा कुठेतरी खाली दडून राहते. दुसरं म्हणजे कारण. ‘मी हे कधी मागितलं?’ याचं उत्तर तिथेच असलं की चिडचिड निम्मी होते. प्रोग्रामरांच्या गिटहब या साइटवरच्या अशा पानावर कारणानुसार गाळणी लावता येते: तुम्ही सुरू केली, तुम्ही टिप्पणी केली, तुमचा उल्लेख झाला. उत्तर देताच आपोआप जोडून घेण्याची सोय तुम्ही ठेवणार असाल, तर हे पान ऐच्छिक राहत नाही.

सूचनांच्या पायऱ्या किती? डिस्कोर्स या चर्चामंचाच्या सॉफ्टवेअरमध्ये चार आहेत: प्रत्येक निरोप कळवा, फक्त मोजत राहा, नेहमीसारखं, गप्प. संगणकावर बसून काम करणाऱ्याला ते ठीक. चिकाच्या हाताने घड उतरवणाऱ्याला चारातला फरक समजावत बसू नका. ‘लगेच’, ‘संध्याकाळी एकत्र’ आणि ‘बंद’ एवढ्या तीन पुरेत. बऱ्हाणपूरच्या लिलावाचा भाव ज्याला कापणी ठरवायला हवा, तो ‘लगेच’ निवडेल. बाकी जवळपास सगळं संध्याकाळच्या गठ्ठ्यात चालतं. माझ्या मते मूळ निवडही तीच असावी. घंटी मात्र फक्त चालू-बंद ठेवा, पायऱ्या पानावरच.

आणखी एक गोष्ट यादीच्याच पानावर बसते, घंटीवर नाही: मुदत. बाग निघाली की त्या हंगामाच्या चर्चेत कुणाला रस उरत नाही. टिश्यू कल्चरच्या रोपांची बाग साधारण वर्षभरात कापणीला येते, तेव्हा तेवढ्या काळाने ‘अजून हवं का?’ विचारा, उत्तर नाही आलं तर आपणहून बंद करा. हे कुणी मागणार नाही, पण करावंच.

ईमेलही पाठवणार असाल तर बंद करण्याची लिंक पासवर्ड न विचारता चालली पाहिजे. रोज ५०००हून अधिक मेल पाठवणाऱ्यांकडून जीमेल २०२४ पासून एका क्लिकची सोय मागतं. तुमचा आकडा तिथवर जाणार नाही, तरी सोय तीच ठेवा.

मग घ्यायचं काय? शंभरेक माणसं, मोजक्याच चर्चा आणि आपोआप जोडणं नाही, तर घंटी लावा आणि पुढच्या कामाला लागा. माणसं हजारावर जाणार असतील, किंवा उत्तर देताच जोडणार असाल, तर आधी पान बांधा, घंटी नंतर आली तरी चालेल. दोन्ही ठेवलीत तर एका जागी बंद केलेलं दुसरीकडे लगेच बंद दिसलं पाहिजे. आणि ‘बंद करा’ दाबल्यावर ‘नक्की का?’ अशी चौकट उघडू नका. ओळ तिथेच फिकी करून शेजारी ‘पुन्हा सुरू’ ठेवा, म्हणजे अंगठा चुकून लागला तरी बिघडत नाही.