नोव्हेंबरातलं स्कीइंग, एका हंगामानंतर: डोंगर मागाहून बघा, आधी पंप बघा

दसरा-दिवाळी आली की बॉस्टनच्या आसपासच्या आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक प्रश्न हमखास येतो: स्कीइंगचा सीझन पास घ्यावा का, आणि घेतलाच तर कुठला? उत्तरं देणारे डोंगराची उंची सांगतात, ट्रेल, म्हणजे घसरायच्या वाटा, किती ते सांगतात, नाहीतर आपल्या ऑफिसातले लोक कुठे जातात ते सांगतात. २०२४-२५ चा हंगाम मी नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत पासवर काढला, आणि या तिन्ही गोष्टींना मी आता फारशी किंमत देत नाही. का, ते लिहिते. भर नोव्हेंबर-डिसेंबरवरच आहे, कारण फेब्रुवारीत कुठलाही डोंगर देखणाच दिसतो.

माझं मत कितपत धरायचं ते ठरवता यावं म्हणून थोडं स्वतःबद्दल. मूळची नाशिकची, आता मॅसॅच्युसेट्सात श्रूजबरीला. तिशी उलटल्यावर पहिल्यांदा स्की पायात घातल्या. निळे, म्हणजे मध्यम कठीण ट्रेल आरामात उतरते, काळ्या डायमंडवर, म्हणजे अवघड ट्रेलवर, मनःस्थिती आणि बर्फ दोन्ही बघून जाते. नवरा स्नोबोर्डवाला, मुलगी आम्हा दोघांपेक्षा बरी. पास कुठला घेतला ते सांगत नाही, पुढे एक तक्रार आहे म्हणून.

न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यात, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) आधी ज्यावरून तुम्ही घसरता तो बर्फ बहुतेक वेळा आभाळातून आलेलाच नसतो. तो तळ्यातून उपसून, पाइपातून डोंगरावर चढवून, गनमधून, म्हणजे पाण्याचे बारीक थेंब हवेत फवारणाऱ्या यंत्रातून, उडवलेला असतो. ही कल्पनाही इथलीच. १९४९-५० च्या हिवाळ्यात हिमवर्षाव इतका कमी झाला की कनेक्टिकटमध्ये मिलफर्डला स्की बनवणाऱ्या तिघा जणांच्या धंद्याचे वांधे झाले. मग त्यांनीच १९५० मध्ये रंग मारायच्या स्प्रेचं नोझल, दहा हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर आणि बागेत पाणी घालायचा पाइप जोडून बर्फ उडवून दाखवला. त्याच काळात कनेक्टिकटमधल्याच मोहॉक माउंटनचे मालक वॉल्ट शोनेक्ट कारखान्यातला बर्फ ट्रकने आणून, फोडून उतारावर पसरत होते. १९५२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किल्समधल्या ग्रॉसिंजर्स रिसॉर्टने हे यंत्र नियमित वापरायला घेतलं. थोडक्यात, इथल्या आभाळाचा भरवसा नाही हे इथल्या लोकांना पंचाहत्तर वर्षांपूर्वीच कळलेलं आहे.

आता कामाची गोष्ट. पारा ३२ फॅरेनहाइटच्या खाली गेला की बर्फ बनवता येतो असा माझाही समज होता. खरा हिशोब ‘वेट बल्ब’चा असतो, म्हणजे तापमान आणि हवेतला दमटपणा दोन्ही धरून. गनमधून निघालेल्या बारीक थेंबाचं थोडं पाणी हवेत उडून जातं आणि उरलेलं गार होतं. माठातलं पाणी गार होण्यामागेही हेच कारण, आणि पावसाळ्यात माठ काम का करत नाही त्याचंही हेच. त्यामुळे बाहेर ३४ अंश असले पण हवा कोरडी ठणठणीत असली तर गन चालू होतात; ३० अंश असले आणि धुकं दाटलेलं असलं तर बंद राहतात. वेट बल्ब साधारण २८ फॅरेनहाइट, म्हणजे उणे दोन सेल्सियसच्या आसपास आला की काम सुरू होतं, आणि २० च्या खाली गेला की खरा भरघोस बर्फ पडतो. नोव्हेंबरमध्ये मी शुक्रवारी रात्री हवामानाच्या ॲपमध्ये तापमान बघतच नाही, दवबिंदू बघते; तो जितका खाली तितकी हवा कोरडी. तो दहा-पंधरा अंशांवर असेल तर शनिवारी पहाटे गाडीला किल्ली लावायला हरकत नाही.

थेंब गोठण्याचीही एक गंमत आहे. स्वच्छ पाण्याचा थेंब शून्याच्या बराच खाली गेला तरी द्रवच राहू शकतो, गोठायला त्याला आत एखादा कण लागतो. म्हणून काही ठिकाणी पाण्यात स्नोमॅक्स नावाचं एक प्रथिन मिसळतात. ते स्यूडोमोनास सिरिंगी या जिवाणूपासून मिळतं, जो शेतकऱ्यांच्या पिकांवर दव गोठवून नुकसान करतो. द्राक्षाच्या गावची असल्यामुळे मला ही गोष्ट जरा जास्तच आवडली.

आणि पाणी! एक एकर उतारावर एक फूट बर्फ घालायला साधारण दीड ते पावणेदोन लाख गॅलन लागतं. डोंगर किती मोठा यापेक्षा त्याच्याकडे साठा किती आणि तासाला किती पाणी वर चढवता येतं, हे महत्त्वाचं ठरतं ते यामुळे. दक्षिण व्हर्मॉन्टमधल्या माउंट स्नोने २०१७ मध्ये सुमारे १२ कोटी गॅलनचं नवं तळं बांधून घेतलं, ते शोभेसाठी नाही. नोव्हेंबरातली थंडी हल्ली दोन-तीन रात्री येते आणि परत जाते. त्या तेवढ्या रात्रींत ज्याला एक अख्खा ट्रेल झाकता येतो तो शनिवारी उघडतो. ज्याचे पंप जुने, तो पुढच्या थंडीची वाट बघत बसतो, आणि त्याच्या पासचे पैसे तुम्ही आधीच भरलेले असतात.

२०२४ च्या शरदात हे फार ठळक दिसलं. पाऊसच नव्हता. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्सात जंगलांना जागोजागी आगी लागत होत्या, आमच्याकडेही काही दिवस हवेला धुराचा वास होता. अशा वेळी ज्यांचा साठा मोठा ते निश्चिंत आणि ज्यांचं सगळं एखाद्या ओढ्यावर ते चिंतेत, हे वेगळं सांगायला नको.

नोव्हेंबरात जायचं तर माझ्या मते व्हर्मॉन्टमधलं किलिंग्टन. सुमारे ४२०० फुटांचा डोंगर, घरापासून पावणेतीन-तीन तास. लवकर उघडायच्या शर्यतीत त्याची गाठ मेनमधल्या संडे रिव्हरशी असते. पण किलिंग्टनला जाण्याआधी डोक्यातली पोस्टरवरची चित्रं काढून टाका. पायथ्याशी तपकिरी गवत. गोंडोलाने, म्हणजे दोरावरच्या बंद डब्याने, वर जायचं, तिथून लोखंडी जिन्याच्या वॉकवेने स्की खांद्यावर घेऊन नॉर्थ रिजला उतरायचं, रीझन आणि राइमसारख्या दोन-तीन ट्रेलवर फेऱ्या मारायच्या, आणि शेवटी तोच जिना स्की बूट घालून चढून गोंडोलानेच खाली यायचं. त्या चढणीत माझी जी दमछाक होते ती दिवसभराच्या स्कीइंगमध्ये होत नाही. ट्रेल म्हणजे झाडांमधून उतरणारा एक पांढरा पट्टा, दोन्ही कडांना दगड-माती. इथले जुने स्कीअर त्याला ‘व्हाइट रिबन ऑफ डेथ’ म्हणतात आणि तरीही पहिल्या दिवशी रांगेत उभे असतात. गर्दी त्याच पट्ट्यावर, त्यातले निम्मे उन्हाळाभर तहानलेले तरबेज लोक, सुसाट. नवशिक्यांनी, आणि पहिल्यांदाच मुलांना घेऊन येणाऱ्यांनी, कृपा करून या भानगडीत पडू नये. शिकण्याजोगा सोपा उतार तेव्हा नसतोच.

मग जायचं कशाला? कारण बर्फ चांगला असतो. हे ऐकून लोक हसतात, पण यंत्राचा बर्फ म्हणजे वाईट बर्फ हे खरं नाही. ताज्या नैसर्गिक बर्फापेक्षा तो कितीतरी घट्ट, दाणे गोलसर, त्यामुळे सहज वितळत नाही आणि वाऱ्याने उडून जात नाही. फक्त तो मुरू द्यावा लागतो. गनखाली आधी मोठमोठे ढिगारे करतात, त्यांना इथे ‘व्हेल’ म्हणतात. एखाद-दोन दिवस त्यातलं जास्तीचं पाणी निथळू देतात आणि मग ग्रूमर, म्हणजे बर्फ सपाट करणारी गाडी, फिरवून पसरतात. घाई केली की सकाळी खाली काचेसारखा गुळगुळीत बर्फ तयार. एखादा डोंगर हे सबुरीने करतो की वीकेंडच्या तिकिटांसाठी ओलाच बर्फ पसरतो, ते पहिल्या दोन वळणांत पायांना कळतं.

किलिंग्टनला २०१६ ते २०२४ थँक्सगिव्हिंगच्या वीकेंडला महिलांची स्कीइंगची वर्ल्ड कप शर्यत होत असे (२०२० मध्ये कोविडमुळे नव्हती). ३० नोव्हेंबर २०२४ ला अमेरिकेची मिकाएला शिफ्रिन वर्ल्ड कपमधल्या शंभराव्या विजयाच्या तयारीत जायंट स्लॅलममध्ये (रोवलेल्या दांड्यांमधून वळत उतरायच्या शर्यतीत) उतरली आणि दुसऱ्या फेरीत पडली. पायथ्याशी जमलेली सगळी गर्दी एका क्षणात गप्प झाली. मला त्या दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. शर्यतीच्या ट्रेलवर ताजा, मऊ बर्फ पडला तर आयोजक खूश होत नाहीत, तो बाजूला ढकलतात. त्यांना हवा असतो तो यंत्राचा, कडक, सगळ्या स्पर्धकांना शेवटपर्यंत सारखा राहणारा बर्फ. सुपरस्टार नावाच्या त्या ट्रेलवर इतका बर्फ रचतात की मे महिन्यात बाकी डोंगर हिरवा झाला तरी तिथे लोक घसरत असतात.

पासचा खरा वापर मात्र घराजवळ झाला. वाचुसेट माउंटन, प्रिन्स्टन गावात, शिखर २००६ फूट, उतार जेमतेम हजार फुटांचा. मोठ्या डोंगरांवर जाणारे नाक मुरडतात. पण सगळ्या ट्रेलवर बर्फ बनवायची सोय, रात्री दिवे आणि ऑफिस सुटल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोचता येईल असं अंतर. डिसेंबरच्या मध्यात, जेव्हा उत्तरेकडचे नामांकित डोंगर पाऊस झाल्यामुळे दोन ट्रेलवर आले होते, तेव्हा वाचुसेटच्या या टेकडीवजा उतारावर मुलगी आठवड्याच्या मधल्या रात्री फेऱ्या मारत होती. लिफ्टवर एकदा शेजारी बसलेल्या एका आजोबांनी सांगितलं की ते पास घेताना ट्रेलचा नकाशा बघत नाहीत, वर जाताना खांबांवर गन किती आणि कुठल्या आहेत ते मोजतात. नव्या पद्धतीच्या गनना दाबाची हवा फार कमी लागते. उंच खांबावर बसवल्या की थेंबाला खाली येईपर्यंत गोठायला वेळही मिळतो. जमिनीवर ठेवलेल्या, जेट विमानासारख्या किंचाळणाऱ्या जुन्या गन दिसल्या तर समजा की इथे वीजबिलाच्या भीतीने यंत्रं लवकर बंद होणार. हे शिक्षण मला कुठल्याही वेबसाइटवर मिळालं नसतं.

डिसेंबरचा पाऊस ही इथली वार्षिक पिडा आहे. नाताळच्या आसपास दक्षिणेकडून उबदार वारं येतं, रात्रभर धो धो पाऊस, दुसऱ्या दिवशी पारा दहा-वीस फॅरेनहाइटवर. १८ डिसेंबर २०२३ च्या पावसाने तर मेन, न्यू हॅम्पशायर आणि व्हर्मॉन्टमध्ये पूर आले होते. पण पाऊस झाल्यावर काय होतं यावरच डोंगराची परीक्षा. घट्ट यांत्रिक बर्फाचा थर असेल तर तो पाणी पिऊनही टिकतो, ग्रूमर वरचा कडक पापुद्रा दळतो आणि सकाळी ‘फ्रोझन ग्रॅन्युलर’, म्हणजे गोठलेला दाणेदार बर्फ, असं काहीतरी बरं मिळतं. साडेदहापर्यंत. नंतर सगळे वळून वळून तो भुगा कडेला जातो आणि मधे निळसर काच उघडी पडते. त्यामुळे सकाळी आठला लिफ्टपाशी हजर राहा आणि अकराला निघा. डब्यातल्या पोळीच्या गुंडाळ्या गाडीत खा.

आता तक्रार. ज्या डोंगरांवर माझा पास चालतो त्यातल्या एकाने हंगामाच्या सुरुवातीला ‘अकरा ट्रेल उघडे’ असं जाहीर केलं. प्रत्यक्षात माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकच रस्ता होता, ज्याला दर वळणावर नवं नाव. लिफ्टही एकच, रांग पाऊण तासाची. फोन केला तर सांगितलं की नकाशावर ते वेगळेच ट्रेल आहेत. तांत्रिकदृष्ट्या बरोबर! तेव्हापासून मी आकडा वाचत नाही, किती एकरांवर बर्फ आहे आणि किती लिफ्ट चालू आहेत एवढंच वाचते. ‘बेस किती इंच’, म्हणजे बर्फाचा थर किती जाड, हाही आकडा नोव्हेंबरात निरर्थक असतो, ढिगाऱ्यावर मोजलं की काहीही येतं.

सामानाबद्दल दोनच गोष्टी. स्कीच्या कडा नोव्हेंबरच्या आधी धार लावून घ्या, आणि दगड लागायचे हे धरून जुनी जोडी वापरा. दुसरं, चालू गनखालून जाताना गॉगलवर बर्फाचा थर चढतो आणि पुढचं काहीही दिसत नाही. मऊ कापड खिशात ठेवा, आणि गनच्या खाली कधीही थांबू नका, मागून येणाऱ्यालाही तुम्ही दिसत नसता.

याच्या अगदी उलट टोकाला व्हर्मॉन्टमधलं मॅड रिव्हर ग्लेन. सभासदांच्या सहकारी मालकीचा डोंगर, एकाच माणसाची खुर्ची असलेली लिफ्ट, बर्फ बनवायची यंत्रणा नावापुरती, आणि स्नोबोर्डला मज्जाव, त्यामुळे नवरा फुरंगटून बसतो. तिथे फेब्रुवारीतल्या वादळानंतर गेले तेव्हा जी मजा आली ती गनच्या बर्फावर कधीच येणार नाही. पण नोव्हेंबरात तिथला पास म्हणजे खिशातला कागद.

तर पुढच्या वर्षासाठी मी काय केलं: मोठा, अनेक डोंगरांचा पास घेतला नाही. घराजवळच्या छोट्या डोंगराचा रात्रीचा पास वसंतातच घेतला, कारण भाव तेव्हाच सगळ्यात कमी असतो आणि उन्हाळ्यानंतर चढत जातो. किलिंग्टनसाठी नोव्हेंबरात सुटी तिकिटं, तीही दवबिंदू बघून. नवऱ्याचं म्हणणं आहे की हे जास्त महाग पडेल. बघू.