लेझर रेंजफाइंडर: खेळ हौशी, माप पक्कं

आमच्या रविवारच्या गोल्फच्या चौकडीत पैज लागते ती चहा-भज्यांची, पण आव असा की जणू ब्रिटिश ओपनचं शेवटचं होल चाललंय. हँडिकॅप २४ असलेला (म्हणजे खेळ बेताचाच) आमचा सीए मित्र पटची लाइन, म्हणजे चेंडू होलकडे हलकेच ढकलायची दिशा, बघायला गुडघ्यावर बसतो, मग उठायला त्याला काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीचा हात लागतो. अशा मंडळींत लेझरनं अंतर मोजणारा रेंजफाइंडर नसेल तर तुम्हाला कुणी विचारत नाही. म्हणून घेतला.

यंत्र चांगलं आहे. होलवरच्या झेंड्यावर रोखून बटण दाबलं की हाताला हलकी थरथर जाणवते आणि आकडा दिसतो: १४२ यार्ड. सात नंबरचं आयर्न (काठी) काढायचं की आठ, हा वाद तिथंच मिटतो. (चेंडू पुढे कुठं जातो याची जबाबदारी यंत्र घेत नाही.) मागे दाट झाडी असली की मात्र कधीकधी झेंडा सोडून झाडाचं अंतर दाखवतं, तेव्हा दोनदा मोजावं. पावसाळ्यात भिंगावर वाफ धरते. यंत्राची केस अगदीच टाकाऊ, तिची चेन लगेच गेली.

स्लोप, म्हणजे चढ-उतार धरून अंतर सांगणारा भाग, बाहेरच्या बटणानं बंद करता येतो, हे महत्त्वाचं. २०१९ पासूनच्या नियमांत अंतर मोजायला परवानगी आहे, चढ-उतार मोजायला नाही. आमच्यात भज्यांच्या पैजेलाही ते बटण बंद आहे ना, हे समोरचा चष्मा वर करून तपासतो.

चार तारे. पाचवा केसनं घालवला.