पेस बघून पळायचं की हार्ट रेट बघून?

दोन-तीन हाफ मॅरेथॉन झाल्या की बऱ्याच जणांचं टायमिंग एका जागी अडकतं आणि मग प्लॅनची शोधाशोध सुरू होते. काही प्लॅन पेसवर, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागतात त्यावर चालतात, काही हार्ट रेटवर. मी आधी पाच महिने पेसवाला पाळला, नंतर आठ महिने हार्ट रेटवाला, त्यावरून लिहितोय.

पेसचा हिशोब एकदम सरळ. दोन तासांत हाफ करायची तर किलोमीटरला 5:41, विषय संपला. 400 मीटरच्या रिपीट्सना, म्हणजे तेवढंच अंतर पुन्हापुन्हा जोरात पळायचं असतं तेव्हा, तर पेसच हवा, कारण हार्ट रेट वर चढेपर्यंत रिपीट संपत आलेला असतो. टेम्पोला, म्हणजे बराच वेळ सलग जोरात पळतानाही मी अजून पेसच बघतो.

मला नको झालं ते इझी रनमुळे. प्लॅनमध्ये इझी म्हणजे 7:00 लिहिलेलं. दर किलोमीटरला घड्याळ मनगटावर थरथरायचं, 7:14 दिसलं की पाय आपोआप जोर धरायचे. झोप झालेली नसो, ऊन असो, हवा दमट असो, आकडा तोच. पाचव्या किलोमीटरला दोन शब्द बोलायचे तरी धाप लागायची, म्हणजे ते इझी राहिलंच नव्हतं, आणि दोन दिवसांनी इंटरव्हल्सला (मध्ये दम घेत जोरात पळायच्या सेशनला) उभं राहिलं की पाय दगडासारखे. पोटरी दोनदा धरली. व्यायामशास्त्राचे संशोधक स्टीफन सायलर यांनी एलिट एन्ड्युरन्स खेळाडूंचं ट्रेनिंग तपासलं तर साधारण 80 टक्के सेशन्स कमी जोराची निघाली, आणि माझे आठवड्याचे चारही रन मधल्याच जोराचे, ना धड इझी ना धड हार्ड.

हार्ट रेटमध्ये कटकट नाही असं नाही. पहिली म्हणजे मॅक्स हार्ट रेट काढायचा फॉर्म्युला, 220 वजा वय. मी 41 चा, म्हणजे मॅक्स 179 धरला, त्याचे 75 टक्के 134, इझीला तेवढ्यात राहायचं तर मला जवळजवळ चालावंच लागायचं. मग एकदा चढावरच्या शेवटच्या रिपीटला 191 दिसले. 191 चे 75 टक्के 143, तिथे सावकाश का होईना पण पळता येतं. तो फॉर्म्युला सरासरीचा आहे, दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात. दुसरं म्हणजे मनगटावरचा सेन्सर कधीकधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजतो, आरामात पळताना 168 दिसले आणि कॅडेन्सही (मिनिटाला पडणारी पावलं) 168 तेव्हा कळलं. ठोके मोजणारा छातीचा पट्टा घेतला आणि तो प्रश्न मिटला. लाँग रनच्या शेवटी मात्र पेस तोच ठेवला तरी ठोके चढत जातात, उन्हात जास्तच, तेव्हा हळू व्हायचं, नाइलाज आहे.

पहिले सहा आठवडे फार जड गेले, लोक मागून येऊन पुढे जायचे. पण त्याच 10 किलोमीटरच्या लूपवर 143 ला सुरुवातीला 7:50 यायचा तो आठ महिन्यांनी 7:05 आला, आणि पोटरी पुन्हा धरली नाही. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही, ज्यांना मुळातच हळू पळता येतं त्यांना पेसवाला प्लॅनही छान चालेल. पण इझीच्या दिवशी तुमचाही पाय आवरत नसेल तर मी म्हणेन पट्टा घ्या, आणि आत्ता घ्यायचा नसेल तर निदान घड्याळातला किलोमीटरचा अलर्ट तरी बंद करून पळून बघा.