विंडोज १० वरच थांबायचं की ११ वर जायचं? आधी लॉक आणि फॉन्ट बघा

जानेवारी २०२०. विंडोज ७ चा आधार, म्हणजे कंपनीचे अपडेट, १४ तारखेला संपला आणि त्याच आठवड्यात एका रात्री, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून, मी ३२ बिटचं ७ पुसलं आणि ६४ बिटचं १० टाकलं. सकाळी डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं मांडायचं सॉफ्टवेअर उघडलं, तर म्हणे लॉक सापडत नाही. लॉक म्हणजे मशीनला लावायची छोटी डबी, ती असेल तरच सॉफ्टवेअर उघडतं. लॉक मागं प्रिंटर पोर्टात घट्ट बसलेलं, दोन्ही बाजूंचे स्क्रूसुद्धा आवळलेले. पण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला त्याची ओळख करून देणारा प्रोग्राम, ३२ बिटचा, आणि ६४ बिटचं विंडोज तसला ड्रायव्हर आत घेतच नाही. मला हे माहीत होतं, त्या रात्री आठवलं नाही इतकंच. दोन लग्नपत्रिका आणि एका बारशाचं कार्ड अडकलेलं. पेन ड्राईव्ह खिशात घालून तीन दिवस बेळगावच्या खडे बाजारातल्या एका मित्राच्या प्रेसमध्ये बसलो. त्यानं चहाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत, म्हणून जास्तच लाजल्यासारखं झालं.

आता तोच प्रश्न परत दारात आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. खानापूर, चिकोडी, निपाणीकडचे ओळखीचे दुकानदार विचारतात, "११ चालतंय काय गा माझ्या मशीनवर?" मशीनवर ११ चालतंय का हे दहा मिनिटांत कळतं. ज्या एका सॉफ्टवेअरवर तुमचं पोट आहे ते ११ वर चालतंय का, हे बघायला अख्खा रविवार जातो. आणि आपल्याकडं सीमाभागात हा रविवार पुण्यापेक्षा लांब असतो, कारण इथं एकाच मशीनवर दोन भाषांची जुनी बिऱ्हाडं असतात. मराठी टायपिंग श्रीलिपी नाहीतर आयएसएम या सॉफ्टवेअरमध्ये, कन्नड नुडीत नाहीतर बरहमध्ये. कर्नाटकात पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा कायदा २०२४ मध्ये आला, तेव्हापासून बोर्ड आणि फ्लेक्स करणाऱ्या कुणाचंच कन्नडशिवाय भागत नाही.

ते दहा मिनिटांचं आधी उरकू. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक उतरवून चालवा. साधारण इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० च्या पुढचा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होतानाची तपासणी), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. आय थ्री-८१०० असेल तर पास, आय थ्री-७१०० असेल तर नापास. टीपीएम नाही असं दाखवलं तर लगेच निराश होऊ नका. इंटेलच्या बोर्डावर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम नावानं तो बऱ्याचदा नुसता बंद असतो. मग सेटिंग्जमध्ये सिस्टीम टाइप बघा. तिथं ३२ बिट दिसलं तर आहे त्या विंडोजवरच ११ चढवता येत नाही, कारण ११ ची ३२ बिटची आवृत्तीच नाही. फॉरमॅट मारावाच लागतो. रुफस नावाचं साधन वापरून जुन्या मशीनवर ११ घुसवणारे गल्लोगल्ली आहेत. चालतं, पण पुढचे अपडेट मिळतील याची हमी कंपनी देत नाही, आणि २४एच२ आवृत्तीपासून कोअर टू ड्युओच्या काळातल्या प्रोसेसरवर ११ सुरूच होत नाही. घरच्या पोरांच्या मशीनवर हा खेळ करा, कमाईच्या मशीनवर नको.

वाटा चार. त्याच मशीनवर ११ चढवायचं, १० वरच वाढीव सुरक्षा अपडेट घेऊन थांबायचं, लिनक्सवर जायचं, किंवा नवं मशीन आणून जुनं आहे तसं, नेट तोडून ठेवायचं.

पहिली कसोटी लॉकची. तुमचं लॉक यूएसबीचं असेल आणि कंपनी ६४ बिटचा, डिजिटल सही असलेला ड्रायव्हर देत असेल तर ११ वर काही अडत नाही. हे अपग्रेडच्या आधीच, १० वर असतानाच तपासता येतं. विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन उघडा आणि मेमरी इंटिग्रिटी चालू करून बघा. न जुळणारे ड्रायव्हर असतील तर ते नावानिशी यादी दाखवतं. त्या यादीत लॉकचा, स्कॅनरचा किंवा जुन्या कटिंग प्लॉटरचा ड्रायव्हर दिसला तर तिथंच थांबा. लॉक प्रिंटर पोर्टाचं असेल तर पहिली आणि तिसरी वाट सहसा तुमच्यासाठी नाही. नव्या मशीनला तो पोर्टच नसतो, आणि यूएसबीचं रूपांतर करणारी वायर प्रिंटरला चालते, लॉकला सहसा नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) जुनं विंडोज चालवून यूएसबी लॉक आत जोडता येतं, प्रिंटर पोर्टाच्या लॉकचा नाद मात्र तिथंही सोडा.

अडत दुकानदारांचं दुखणं वेगळं. डॉसच्या काळातलं फॉक्सप्रोचं बिलिंग अजून कुठं कुठं चालू आहे. ते ३२ बिटच्या विंडोज १० वर चालतं, ६४ बिटवर अजिबात नाही, मग ते १० असो की ११. डॉसबॉक्ससारख्यात चालवता येतं, पण छपाईची तजवीज वेगळी करावी लागते. खोटं कशाला बोलू, तिथं माझा सल्ला नव्या बिलिंगकडं वळण्याचाच असतो, आणि दहातले नऊ जण तो ऐकत नाहीत.

दुसरी कसोटी फॉन्टची, आणि माझ्या मते हीच खरी. जुन्या श्रीलिपी-नुडीच्या फाइलीत आत देवनागरी किंवा कन्नड अक्षर नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर आपल्या अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट गेला की 'श्री गणेश प्रसन्न'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डॉलर-टक्क्यांची भेळ दिसते. वरून अपग्रेड केलं तर फॉन्ट जागेवर राहतात. फॉरमॅट मारला की जातात, आणि वीस वर्षांत जमवलेल्या त्या फॉन्टांची सीडी आता कुणाकडं असते? म्हणून काही करण्याआधी विंडोजमधला फॉन्ट्सचा अख्खा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उचला.

युनिकोडवाल्यांनीही, म्हणजे ज्यांच्या फाइलीत खरी देवनागरी-कन्नड अक्षरं असतात त्यांनीही, गाफील राहू नये. फॉरमॅट मारून टाकलेल्या १० आणि ११ मध्ये मंगल आणि कन्नडचा तुंगा हे फॉन्ट आपोआप येत नाहीत. मंगलमध्ये केलेला अर्ज निर्मला या दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडतो, ओळी सरकतात आणि एका पानाचं काम दीड पानावर जातं. इलाज सोपा आहे, ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी आणि कन्नडचे पूरक फॉन्ट टाकून घ्यायचे.

जुना मजकूर युनिकोडमध्ये उतरवून कायमची कटकट मिटवू असं वाटत असेल तर कन्व्हर्टरला एकच शब्द घाला: वऱ्हाड. 'वर्हाड' असं बाहेर आलं, म्हणजे र डोक्यावर चढला, तर त्या कन्व्हर्टरवर पत्रिका सोडू नका. सुऱ्या, तऱ्हा, दऱ्या, सगळीकडं तोच घोळ घालणार. मी दोन कन्व्हर्टर याच शब्दावर परत पाठवलेत.

पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली असतील तर आणखी एक गाठ. त्याची सातवी आणि शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. १० आणि ११ वर ती अनेकांकडं चालते, पण भरवसा नाही. त्याच कामाचं पुढचं सॉफ्टवेअर म्हणजे इनडिझाइन, आणि पेजमेकरची फाइल उघडणारी त्याची शेवटची आवृत्ती सीएस६. त्यापुढच्या सीसी आवृत्त्या ती उघडत नाहीत. म्हणजे जुन्या मशीनवर सीएस६ असेल तर ते पुसण्याआधी फाइली त्यातून बाहेर काढा.

टायपिंगच्या बाबतीत लिनक्सनं मला चकित केलं. नुडीचा जो कीबोर्ड इथली कन्नड पोरं शिकून येतात, तो लिनक्समध्ये कगप नावानं तयारच असतो, आणि त्याच धर्तीचा मराठीचाही. विंडोजवर त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. उबंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, जुन्या मशीनवरही चालतं. पण श्रीलिपी, कोरल, टॅली तिथं सरळ चालत नाहीत. प्रिंटरचंही बघा: एचपी १०२० ला वेगळं प्लगिन उतरवावं लागतं, कॅनन २९०० तर घाम काढतो. हेच दोन्ही प्रिंटर ११ वर ६४ बिटच्या ड्रायव्हरनं चालतात. अभ्यासाला, पत्रव्यवहाराला, पंचायतीच्या वाचनालयाला लिनक्स उत्तम. प्रेसला नाही.

जीएसटीची कामं करणाऱ्यांनी आणि आधारचे ठसे घेणाऱ्या केंद्रांनी फार विचार करू नये. नेटवर दिवसभर लोकांचे कागद आणि डिजिटल सह्या हाताळणारं मशीन जुन्या विंडोजवर ठेवणं मला पटत नाही. सहीच्या टोकनचा आणि ठशाच्या यंत्राचा ११ साठीचा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा, मग अपग्रेड करा. फक्त महिन्याच्या २० तारखेच्या तोंडावर नको, जीएसटीचा ३बी रिटर्न भरायचा असतो.

१० वर थांबण्याची वाट ही सवलत आहे, मुक्काम नव्हे. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर चालू केला तर पैसे पडत नाहीत. कुणाला लग्नसराई काढायची असेल तर ही वाट घ्यावी.

मशीन ११ ला पात्र असेल तर मी स्वतः करतो ते सांगतो. आतली डिस्क काढून कागदात गुंडाळतो, तारीख लिहून ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि नव्या एसएसडीवर ११ टाकतो. काही अडलं तर जुनी डिस्क परत लावायची. ती जुन्या पद्धतीनं बूट होणारी असेल तर बायोस परत लेगसीवर न्यावं लागतं, एवढंच लक्षात ठेवायचं. वरून अपग्रेड केलं तरी मागं फिरता येतं, पण त्याला फक्त दहा दिवस मिळतात, आणि अकराव्या दिवशी उघडणारी फाइल नेमकी तीच असते.

निपाणीच्या एका प्रेसवाल्या काकांचं लॉक प्रिंटर पोर्टाचंच होतं. "नवं घेतो गा, खरं ह्ये टाकवत न्हाई," म्हणाले. त्यांनी चौथी वाट धरली. नव्या मशीनवर ११, मेल, फ्लेक्स आणि कन्नडचं काम. जुन्यावर फक्त मराठी पत्रिका. जुन्याची नेटची वायर काढून खिळ्याला टांगलीय. पत्रिका पीडीएफ करून पेन ड्राईव्हनं नव्यावर जाते आणि तिथून छापली जाते. गिऱ्हाइकाचा पेन ड्राईव्ह मात्र जुन्याला लावायचा नाही, असं त्यांनी खडूनं कॅबिनेटवरच लिहून ठेवलंय, वर कन्नडमध्ये, खाली मराठीत.