सहा महिने, 300 डॉलर आणि एक फेब्रुवारी

मुलीकडे व्हर्जिनियात सहा महिने होतो. जावईबापूंचं घराणं इंग्रजी अमलापासून तिथलंच, आणि माझी सगळी नोकरी भूमी अभिलेखात साखळी ओढण्यात गेलेली. म्हटलं, रिकामं बसण्यापेक्षा यांची मुळं खणू. वंशावळीच्या एका नावाजलेल्या साइटची वर्षाची वर्गणी भरली, 300 डॉलर. मुलगी म्हणाली, रुपयांत हिशेब करू नका. केलाच.

पहिले दोन महिने खूश होतो. घराणं एसेक्स काउंटीचं, तिथली दप्तरं शाबूत. शेजारच्या किंग अँड क्वीनची 1828 आणि 1864 च्या आगींत गेली. मूळ पुरुषाचं मृत्युपत्र सापडलं, पानाचा फोटोही स्वच्छ.

आणि तिथेच ठिणगी पडली. मृत्युपत्रावर तारीख नोव्हेंबर 1731. कोर्टात शाबीत झालं फेब्रुवारी 1731. साइट लाल खूण दाखवून म्हणते, लिहिण्याआधीच शाबीत कसं? आणि स्वतःच्या अकलेनं नोव्हेंबर 1730 करून मोकळी! अहो, इंग्रजी वसाहतींत 1752 पर्यंत वर्ष 25 मार्चला बदलायचं. म्हणजे तो फेब्रुवारी आपल्या हिशेबानं 1732 चा. पाडव्याला शक बदलणाऱ्या घरातल्या पोरालाही कळेल की फाल्गुन कार्तिकानंतरच येतो. मदतकेंद्राशी चॅटवर चाळीस मिनिटं घातली. उत्तर काय, तर ‘सिस्टीम तारीख अशीच घेते.’ तोवर अकरा जणांनी ती चुकीची तारीख आपापल्या वंशवृक्षाच्या झाडात उतरवून घेतलेली.

एक तारा देऊन विषय संपवणार होतो, तेवढ्यात मुलीनं फॅमिलीसर्च ही वंशावळीचीच दुसरी साइट दाखवली. फुकट! त्यात जुनं हस्ताक्षर यंत्रच वाचतं आणि पानावरचा कुठलाही शब्द शोधता येतो. यंत्र चुकतंही बरंच, पण मी ओढ्याचं नाव टाकलं आणि पुढच्या पिढीचं एक खरेदीखत वर आलं. विकणारा स्वतःला ‘थोरला मुलगा आणि कायदेशीर वारस’ म्हणवतो. मृत्युपत्रात याचं नावच नाही, म्हणून सगळ्या झाडांनी त्याला घराबाहेर काढलेलं. पण तिथे 1785 चा कायदा येईपर्यंत, मृत्युपत्रात न वाटलेली जमीन आपसूक थोरल्याकडे जायची. नाव नसणं म्हणजे नातं नसणं नव्हे.

चतुःसीमा ताडून पाहिली. पांढऱ्या ओकपासून ईशान्येला 120 पोल, तिथून ओढ्याच्या काठाकाठानं. बापाच्या पट्ट्यातही तोच ओक, तेच 120. पोल म्हणजे साडेसोळा फूट. आपला गुंठा 33 बाय 33, म्हणजे बरोबर दोन पोल बाय दोन पोल! जावईबापूंना कागदावर काढून दाखवलं, ते नुसतेच हसले. असो.

मूळ पुरुषाच्या मालमत्तेच्या यादीपाशी मात्र हात थांबला. तांब्याची किटली, पिसांची गादी, आणि त्याच रकान्यात सात माणसं, आडनाव नाही, पुढे पौंडांत किंमत. पैसे घेणाऱ्या साइटच्या सूचीत फक्त मालकाचं नाव. या सातांचे वंशज शोधायला बसले तर त्यांना हे पान दिसणारच नाही. फुकटच्या शोधात यांतली पाच नावं सापडतात.

दोन तारे, ते फोटोंचे. वर्गणी आपोआप पुढे चालू होते, ती आधीच बंद करून ठेवा. नोव्हेंबर 1730 अजून तसाच आहे, आज सकाळीच पाहिलं.